पायरी किती इंचांची आहे, ते मोज

पुणे

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

आपल्या वर्गाच्या गेट-टुगेदरचं आमंत्रण मिळालं. परवा फोनवर आपल्या एका वर्गमित्राबद्दल तू म्हणालास, "तो व्हीलचेअरवर असतो आता, बोलवून उगाच त्याची ओढाताण." तेव्हा मी ऑफिसात होतो, गप्प बसलो. आता लिहितो.

बोलव. यायचं की नाही, ते तो ठरवेल. तू फक्त विचार, "काय काय लागेल?" आणि त्यालाच विचार, वहिनींना नको. बाबांना पॅरालिसिस झाल्यावर लोक मला विचारायचे, "बाबा चहा घेतील का?" बाबा समोरच बसलेले. बोलता येत होतं त्यांना, फक्त सावकाश.

हॉलवर टेप घेऊन जा. मालक म्हणेल, "एकच तर पायरी आहे, चौघं मिळून उचलू." उचलू नका. एका लग्नात बाबांना असंच उचललं, सगळा मांडव वळून बघत होता. त्यानंतर ते कुठल्याच लग्नाला आले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सार्वजनिक वापराच्या इमारतीत सोय हवीच, पण मालकाशी कायदा बोलत बसू नकोस. पायरीवर फळी टाकून उतार कर. त्याचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांची फळी. पहिल्या मजल्यावरचा हॉल असेल आणि लिफ्ट नसेल, तर सरळ हॉल बदल.

संडासाचं दारही मोज. बाबांची खुर्ची २६ इंच रुंद होती, आणि दारं दोन फुटांचीसुद्धा असतात. आत जाता येणार नाही म्हटल्यावर माणूस सकाळपासून पाणीच पीत नाही. हे बाबांनी मला फार उशिरा सांगितलं.

आणखी एक. तुझं आमंत्रण म्हणजे गुलाबी कागदावर सोनेरी अक्षरं, ती चष्मा लावूनही मला लागेनात! आपली बँकेतली मैत्रीण, जिची दृष्टी गेली, तिचा फोन टाइप केलेलं घडाघडा वाचून दाखवतो, फोटोतल्या नक्षीदार अक्षरांवर मात्र अडखळतो. तारीख, वेळ, पत्ता खाली टाइप करून टाक. बाईंना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून "माझा आवाज मोठा आहे" म्हणणाऱ्याच्याही हातात माइक दे. (म्हणजे तुझ्याच.)

फळी शोधत फिरू नकोस. बाबांची आमच्या माळ्यावर तशीच पडून आहे. गाडीच्या टपावर बांधून आणतो.

तुझाच,
मागच्या बाकावरचा