क्रमवारीच्या तक्त्यात व्हिसाचा रकाना हवा

महोदय,

परदेशी शिक्षणाच्या पुरवण्यांत विद्यापीठांची क्रमवारी, शुल्क, शिष्यवृत्त्या सगळं असतं. अमेरिकेला निघालेल्या मुलांचं करिअर पुढे ज्यावर ठरतं, त्या व्हिसाच्या नियमांना मात्र साधी चौकटही मिळत नाही. घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या पालकांना हे आधी कळायला हवं.

सुरुवात आय-२० वरच्या, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणाऱ्या प्रवेशपत्रावरच्या, अभ्यासक्रमाच्या सहा आकडी कोडपासून होते. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने नोकरी करता येते; अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. अर्थशास्त्राच्या ४५.०६०१ या सर्वसाधारण कोडला ही वाढ नाही, अर्थमितीच्या ४५.०६०३ ला आहे. वर्ग तोच, प्राध्यापक तेच असू शकतात. पण पुढे लागणाऱ्या एच-१बीची, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसाची, सोडत वर्षातून एकदा, मार्चमध्ये निघते. वाढ नसलेल्या मुलाला तिथे एखाद-दुसरी संधी मिळते, वाढ मिळालेल्याला तीन. इतिहासाची किंवा पत्रकारितेची आवड बाजूला ठेवून सगळे डेटा सायन्सकडे का धावतात, त्याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे. वाढीव २४ महिन्यांत कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली लागते, म्हणून पुष्कळ नव्या, छोट्या कंपन्या आपोआप बाद होतात. त्यात ओपीटीवर बेकारीचे दिवस मोजून ९०, वाढीव काळ धरून एकूण १५०. आवडीच्या कामाची वाट पाहायला सवड कुठून मिळणार?

एच-१बीच्या जागा वर्षाला ६५,०००, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था या मर्यादेबाहेर असल्याने सोडतीत नाव न लागलेले काही जण तिकडे वळतात. पगार बहुधा कमी, आणि नंतर खासगी कंपनीत जायचं म्हटलं की सोडत पुन्हा आलीच.

खरी गाठ ग्रीन कार्डाशी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याशी, पडते. नोकरीवर आधारित कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित गटांची रांग त्यामुळे दहा वर्षांपलीकडे गेली आहे. पहिली पायरी ‘पर्म’, म्हणजे त्या जागेसाठी अमेरिकन कामगार मिळत नाही हे दाखवण्याची प्रक्रिया. त्यात कंपनी जाहिरात देते आणि पद, काम, पात्रता कागदावर बांधून टाकते. प्रोग्रॅमर म्हणून फाइल झालेला माणूस प्रॉडक्ट मॅनेजर झाला, तर बहुधा पर्म नव्याने करावं लागतं. साहेब बढती देतो आणि वकील ‘जरा थांबा’ म्हणतो, असा प्रकार तिथे नित्याचा आहे. नोकरी बदलायचीच असेल तर पर्मनंतरचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटू द्यावेत. मग जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) टिकते आणि एच-१बी सहा वर्षांच्या मर्यादेपुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावंच लागतं, रांगेतला नंबर तेवढा शाबूत राहतो. अर्ज कंपनीचा असल्याने मंजुरीपत्रही बऱ्याचदा तिच्याकडेच राहतं. त्याची प्रत राजीनाम्यानंतर मागण्यापेक्षा आधीच घेतलेली बरी. नोकरकपात झाली तर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरला पाहिजे. म्हणून चाळिशीतले हुशार इंजिनिअरही स्वतःचा धंदा काढायला धजत नाहीत.

जोडीदाराची परवड वेगळीच. एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करण्याची परवानगी २०१५ पासून आहे, पण ती साधारणपणे आय-१४० मंजूर झाल्यावरच. तोवर इथे दवाखाना चालवणारी दंतवैद्य तिथे घरी बसते, आणि परवानगी आल्यावर पुष्कळदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करते, कारण दंतवैद्यकाचा परवाना मिळवायला पुन्हा काही वर्षांचं शिक्षण लागतं.

डॉक्टरांचंही तेच. जे-१ या विनिमय व्हिसावर रेसिडेन्सी (रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण) केली की दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. ती टाळण्याचा एक मार्ग कॉनराड-३० योजनेचा: प्रत्येक राज्यात वर्षाला ३० डॉक्टर, आणि डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं सेवा. त्यांची पहिली नोकरी कुठल्या गावात, हे मग नकाशावरच ठरतं.

पुढच्या पुरवणीत क्रमवारीच्या तक्त्यात कोडचा एक रकाना जरूर घालावा. तोवर पालकांनी एजंटच्या ‘स्टेमच आहे हो’वर विसंबू नये. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून कोड लेखी मागवावा, तोही अनामत भरण्याआधी.

— एक वाचक, पुणे