एकदा तरी माईकशिवाय ऐकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ संपला की आपल्या बेळगावात गाण्यांचा हंगाम सुरू होतो. यंदाच्या निमंत्रणपत्रिका यायला लागल्या आहेत. पूर्वी अशी पत्रिका आली की मी आधी गाणाऱ्याचं नाव बघायचो आणि मग साथीला कोण ते. आता आधी घरात कापूस आहे का ते बघतो, कानात घालायला.

गेल्या वर्षीच्या एका मैफलीचं सांगतो. सभागृहाचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चाललंय. बाई मारवा राग गाणार होत्या. मारव्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादाला लावायची. आयोजकांपैकी एक ओळखीचे असल्यानं मला विंगेत उभं राहायला मिळालं. दहा-बारा मिनिटं बाई दोन तंबोरे जुळवत होत्या. जवारीचा, म्हणजे तार झणझणावी म्हणून घोडीवर तिच्याखाली घालतात तो दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. मणी सरकवायचा, कान भोपळ्याजवळ न्यायचा, पुन्हा मणी. शेवटी खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपसूक वर यायला लागला. एवढ्यासाठीच गेलो असतो तरी पैसे वसूल झाले असते.

मग पडदा उघडला आणि तो गंधार जो गेला तो गेलाच. स्पीकरमधून ऐकू येत होती ती इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या डबीची घरघर. डग्गा असा वाजत होता की बाजार समितीच्या गोदामात कुणी पोती टाकतंय. मधूनच माईकची शिट्टी. बाईंनी दोनदा हात खाली करून 'कमी करा' अशी खूण केली. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या पोराला ती दाद वाटली असावी, कारण त्यानं आवाज आणखी चढवला.

मध्यंतरात त्याच्याकडे गेलो. पोरगं गुणी होतं, उठून उभं राहिलं. म्हणालं, "काका, पाठीमागच्यास्नी ऐकू यायला पायजे की!" मी मागं वळून बघितलं. शेवटच्या आठ रांगा रिकाम्या होत्या.

त्याला तरी काय बोलणार? आदल्या रात्री ऑर्केस्ट्रा, सकाळी राजकीय सभा, संध्याकाळी मारवा, आणि तिन्हीकडे तेच खोके, त्याच खुंट्या. मारवा कसा ऐकू यायला हवा हे त्याला कुणी कधी ऐकवलंच नाही.

आता जरा लांबचं सांगतो, पण मुद्दा सोडून जात नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे व्हिएन्नाला गेलो होतो. तिथल्या सरकारी ऑपेरा-घरात उभ्यानं ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला कंटाळा येईल." खरं म्हणजे मलाही तसंच वाटत होतं. आत गेल्यावर लोकांनी आपापल्या जागी कठड्याला मफलरी बांधल्या आणि खुशाल चहा प्यायला निघून गेले. आपण एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच हे! त्या क्षणी ते गाव मला आपलं वाटायला लागलं. मीही मफलर बांधली.

त्या दिवशी व्हेर्दींची 'ला त्राव्हियाता' होती. १८५३ साली व्हेनिसमध्ये तिचा पहिला प्रयोग साफ पडला होता म्हणे. सुरुवातीला नुसती व्हायोलिनं वाजतात, वरच्या सप्तकात, इतकी हलकी की माझ्या शेजारचा म्हातारा श्वास धरून उभा होता. आणि मग गाणारी बाई आली. खाली वादकांचा भरगच्च ताफा, वर माडीवर माडी अशी घोड्याच्या नालासारखी बांधलेली सज्जांची रांग, आणि त्या सगळ्यावरून बाईचा आवाज थेट आमच्या कठड्यापर्यंत येत होता. मी सवयीनं स्पीकर शोधत होतो. तिच्यासाठी माईकच नव्हता.

ही काही जादू नाही आणि नुसता छातीचा जोरही नाही. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर खालच्या पट्ट्यात, साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर जाल तसा तो ओसरतो. कसलेले ऑपेरा गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी घडवतात की त्यांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार येते. माणसाचा कानही नेमका त्याच भागात तिखट. ताफा ज्या रस्त्यानं जातच नाही, त्या रस्त्यानं ती निघून येते. जर्मन संगीतकार वाग्नरनं तर बायरॉइथला स्वतःचं, १८७६ साली उघडलेलं नाट्यगृह बांधताना वादकांना रंगमंचाखालच्या खड्ड्यात झाकूनच टाकलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा-घरात जवळजवळ ३८०० माणसं बसतात, आणि तिथंही ऑपेरा गळ्यावरच चालते.

आपल्याकडे हे नव्हतं असं थोडंच आहे? बायरॉइथ उघडल्यावर चारच वर्षांनी, १८८० साली, पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं. ते लिहिणारे, त्याला चाली देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 'ललितकलादर्श' मंडळी केशवराव भोसल्यांनी १९०८ साली काढली ती हुबळीत. १९२१ च्या जुलैत मुंबईत दोन कंपन्यांनी मिळून केलेलं 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तिकडे भरलेलं थिएटर, इकडे ऑर्गन, तबला, सारंगी आणि दोन गळे. त्याच वर्षी ऑगस्टात तिकडे इटलीचा ऑपेरा गायक एनरिको कारूसो गेला आणि ऑक्टोबरात इकडे केशवराव, अवघे एकतीस वर्षांचे. विजेच्या माईकनं ध्वनिमुद्रण १९२५ साली सुरू झालं. दोघांनाही त्याची गरज पडली नाही.

माझ्या लहानपणी नाटक कंपन्यांचे माईक वरून दोरीला टांगलेले असायचे. पद आलं की नायक बोलता बोलता दोन पावलं सरकून बरोबर त्या माईकखाली येऊन उभा राहायचा, मग प्रसंग युद्धाचा असो की मरणाचा. आम्ही पोरं आधीच ओळखायचो : आता गाणार!

तरीही ख्याल म्हणजे ऑपेरा नव्हे, हे मला कळतं. आपलं गाणं दरबारात, देवळात, वाड्याच्या सोप्यात वाढलं. ते चाळीस-पन्नास माणसांशी केलेलं बोलणं आहे. माईक आला म्हणून भीमसेनजींचा मंद्र षड्ज पुण्याच्या मांडवात शेवटच्या माणसाच्या पोटात उतरला, हेही खरं. तेव्हा माईक बंद करा असं मी म्हणत नाही. तो चष्म्यासारखा असावा, घातलाय हे विसरायला होईल असा. आज तो गाणाऱ्याच्या छाताडावर बसलेला असतो.

'त्राव्हियाता'ची नायिका क्षयानं मरते आणि मरता मरता भरल्या गळ्यानं गाते. टाळ्यांच्या गजरात मला आपल्या सुळेभावीच्या कुमारजींची, कुमार गंधर्वांची आठवण झाली. त्यांना तर क्षय खरोखरच झाला. तरुणपणीची कित्येक वर्षं देवासला गाण्यावाचून काढली. एक फुप्फुस कामातून गेलं आणि त्यातून उठून त्यांनी छोट्या दमाच्या, विजेसारख्या लखलखणाऱ्या तानांचं गाणं उभं केलं. तंबोरे लावण्याबाबत हा माणूस किती हट्टी होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्याच्याच जिल्ह्यात तंबोऱ्यांसमोरचा माईक बंद आणि डबीचा चालू! वर मिरज इथून रेल्वेनं तीन तासांवर. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आपण कौतुकानं वाचल्या. कौतुक झालं, पण तो तंबोरा ऐकायचा कुठं?

आयोजकांना माझं सांगणं एवढंच. मोठ्या सभागृहात करा, जरूर करा, पण ध्वनिवाल्याला कलाकार वाद्यं लावत असताना तासभर आधी समोर बसवा. गाणाऱ्यानं हात खाली केला की आवाज कमी करायचा असतो, एवढं त्याला सांगून ठेवा. आणि हंगामातली एक बैठक, एकच, पूर्ण माईकशिवाय करा. मराठी, कानडी, कोकणी, ज्याला यायचंय तो येईल. 'वाहवा' आणि 'भले' दोन्ही ऐकू येतील, कारण मधे खोके नसतील. पैशाची अडचण सांगू नये, उलट स्पीकरचं भाडं वाचेल.

जागेचीही काळजी नको. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात मांडीला मांडी लावून साठ माणसं बसतात. तुळ्या सागवानी, जमीन शेणानं सारवलेली नाही, शहाबादी आहे, पण जाजम टाकलं की घुमत नाही. जाजम आमचं, चहा आणि कुंदा आमचा. दोन मिरजी तंबोरे आहेत, एकाची जवारी महिन्यापूर्वीच काढून आणली आहे. दिवस तेवढा आठ दिवस आधी कळवावा, म्हणजे वरच्या माडीवरचा पंखा दुरुस्त करून घेता येईल, तो फार कुरकुरतो.

आपला,
एक जुना श्रोता,
शहापूर, बेळगाव