रोटरवरचा भार : ऑटोजायरो शिकू पाहणाऱ्या मुलीस पत्र

पुणे

चि. गार्गी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ऑटोजायरोच्या प्रशिक्षणासाठी तू स्कॉटलंडमध्ये नाव आधी नोंदवलेस आणि मला मागाहून विचारते आहेस, तेव्हा तुझा निश्चय झालेला आहे हे उघड आहे आणि शिकू नकोस असे सांगण्यात मी शाई खर्च करणार नाही. तुझा प्रश्न मात्र रास्त आहे. एक जण तुला सांगतो की याच्याइतके सुरक्षित उडते यंत्र दुसरे नाही, दुसरा सांगतो की ही यंत्रे माणसे मारतात, आणि दोघेही जाणते वैमानिक आहेत. माझी सारी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, त्या अनुभवावरून आणि वाचनावरून माझे मत असे झाले आहे की दोघांचेही खरे आहे. रोटरवर, म्हणजे यंत्राला हवेत धरून ठेवणाऱ्या डोक्यावरच्या फिरत्या पात्यांवर, भार असेपर्यंत पहिल्याचे खरे, आणि तो भार निघाला की दुसऱ्याचे.

या यंत्राचा जन्मच एका अपघातातून झाला. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी तीन इंजिनांचे एक बॉम्बफेकी विमान बांधले होते. ते १९१९ मध्ये जमिनीलगत वेग कमी पडल्यामुळे स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, कोसळले. पंख हवेत पुरेशा वेगाने पुढे सरकले नाहीत तर उचल देत नाहीत, मग विमान मंदावले तरी पंख स्वतःच्या वेगाने फिरत राहतील अशी सोय करावी, असा विचार त्यांनी केला. त्यांची पहिली यंत्रे एका बाजूला कलंडली, कारण पुढे जाणाऱ्या पात्याला मागे येणाऱ्या पात्यापेक्षा जास्त वारा लागतो आणि उचलही जास्त मिळते. पाते मुळाशी बिजागरीवर बसवून त्याला वरखाली हलू दिले तेव्हा हा तोल साधला, आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफे येथे त्यांचा ऑटोजायरो उडाला. त्याच महिन्यात एका उड्डाणात थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले, तरी यंत्र सावकाश खाली येऊन सुखरूप टेकले. साध्या विमानाचा त्या स्थितीत निकाल लागला असता. १९२८ मध्ये त्यांनी स्वतः इंग्लिश खाडी ओलांडली. ऑटोजायरोच्या सुरक्षिततेची ख्याती तेव्हापासूनची आहे आणि ती खोटी नाही.

आता ते उडते कसे, याकडे नीट लक्ष दे, कारण पडण्याचे कारणही तिथेच आहे. हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवते आणि हवा वरून खाली ढकलली जाते. ऑटोजायरोत उड्डाणाच्या वेळी इंजिनाचा रोटरशी संबंधच नसतो. इंजिन फक्त मागचा प्रोपेलर फिरवते. फिरत्या पात्यांची मिळून होणारी तबकडी किंचित मागे कललेली असते, समोरून येणारी हवा तिच्यातून खालून वर जाते आणि तीच पाती फिरवते. म्हणून इंजिन थांबले तरी रोटर थांबत नाही, यंत्र खाली येऊ लागते आणि खालून वर जाणारी हवा पाती फिरवतच राहते. आजच्या दोन आसनी यंत्रांत उडताना ही पाती मिनिटाला साधारण तीनशे ते चारशे फेरे घेतात. परंतु हे फेरे टिकतात ते हवा खालून वर जात आहे तोवर, आणि हवा तशी जाते ती यंत्राचे वजन रोटरला लटकून आहे तोवर. वजन क्षणभर हलके झाले, म्हणजे तुला आसनातून उचलल्यासारखे वाटले, की हवेचा मार्ग बदलतो, फेरे उतरू लागतात, आणि उतरलेले फेरे हवेत असताना परत मिळवून देणारे इंजिन त्या रोटरला जोडलेले नसते. मंद झालेली पाती वेडीवाकडी वरखाली होऊ लागतात आणि मागे असलेल्या शेपटीवर किंवा प्रोपेलरवर आदळतात. त्यानंतर वैमानिकाच्या हाती काही उरत नाही.

आपल्या जुन्या घरातला झोपाळा आठव. कड्या ताणलेल्या असतात तोवर बसणाऱ्याला कुणी मागून ढकलले तरी झोपाळा फक्त पुढे जातो. कड्या सैल पडल्या त्या क्षणी तोच धक्का माणसाला तोंडावर पाडतो. ऑटोजायरोत हा धक्का प्रोपेलरचा असतो. प्रोपेलरच्या जोराची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल, तर तो जोर सतत नाक खाली दाबत असतो. एरवी रोटरची ओढ त्याला आवरून धरते. रोटरवरचा भार निघाला की आवरणारे कुणी राहत नाही, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा, पूर्ण उघडा असेल तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यंत्र पुढच्या पुढे कोलांटी खाते. इंग्रजीत याला ‘पॉवर पुशओव्हर’ म्हणतात. यातून वाचलेले वैमानिक फार थोडे.

ब्रिटनमध्ये १९८९ ते १९९१ या काळात छोट्या ऑटोजायरोंचे जीवघेणे अपघात एकामागून एक झाले, आणि तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने ग्लासगो विद्यापीठाकडून या यंत्रांच्या स्थिरतेचा अभ्यास करवून घेतला. उपकरणे लावून खरी उड्डाणे केली गेली, गणिती प्रारूपे तपासली गेली, आणि निष्कर्ष असा निघाला की गुरुत्वमध्य आणि प्रोपेलरची रेषा यांतले उभे अंतर ही सर्वांत निर्णायक गोष्ट आहे. ते दोन इंचांच्या आत असावे. तो आकडा पुढे ब्रिटिश नियमांत आला आणि ज्या जुन्या एकासनी यंत्रांना तो पाळता येत नव्हता त्यांच्यावर वेगाच्या व वाऱ्याच्या मर्यादा घालण्यात आल्या. हा दोष यंत्रांत शिरला कसा, तेही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत इगोर बेन्सेन यांनी १९५० च्या दशकात घरी बांधता येईल असा हलका ऑटोजायरो लोकांना दिला. पुढे हौशी मंडळींना अधिक ताकद हवी झाली, मोठा प्रोपेलर आला, त्याची टोके खालच्या दांडीला लागू नयेत म्हणून इंजिन वर चढवले गेले, आणि बसणारा माणूस मात्र होता तिथेच खाली राहिला. कुणीही जाणूनबुजून घातक यंत्र बांधले नाही. चार बोटे उंचीच्या बदलाने काय होते हे मोजायला कुणी थांबले नाही. शिवाय एकासनी यंत्रात शिक्षक बसू शकत नाही, म्हणून कित्येक जण आपले आपणच शिकले, आणि त्यांतल्या अनेकांनी त्याची किंमत जिवाने मोजली.

ग्लासगोच्या अभ्यासाने आडव्या शेपटीपेक्षा या रेषेला अधिक वजन दिले. अनेक अनुभवी वैमानिक मोठ्या, मागे दूर बसवलेल्या शेपटीचा आग्रह धरतात. मला विचारशील तर तुझ्या यंत्रात दोन्ही असू देत. प्रशिक्षणाला आज वापरली जाणारी दोन आसनी यंत्रे याबाबतीत पूर्वीपेक्षा पुष्कळ शहाणी आहेत. तरीही स्वस्तात मिळते म्हणून कुणाचे तरी जुने एकासनी यंत्र घेण्याचा मोह पुढे कधी झालाच, तर त्याचा गुरुत्वमध्य प्रत्यक्ष टांगून मोजल्याचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

यापुढचे मी खास तुझ्यासाठी लिहिते आहे, कारण तुझ्याकडे छोट्या विमानाचा परवाना आहे आणि माझ्या मते तीच तुझी सर्वांत मोठी अडचण आहे. विमानात नाक अचानक वर गेले किंवा इंजिन गप्प झाले की स्टिक, म्हणजे हातातली नियंत्रणाची दांडी, झटक्यात पुढे ढकलायची, हे तुझ्या हाताला शिकवलेले आहे, आणि स्टॉल टाळायला विमानात ते बरोबरच आहे. ऑटोजायरोत नेमका तोच झटका रोटरवरचा भार काढून घेतो. इथे वाऱ्याच्या झोताने यंत्र वर उचलले तर आधी थ्रॉटल कमी करायचा, स्टिक जागच्या जागी धरायची, आणि नाक खाली न्यायचेच असेल तर हलक्या हाताने, पाठीखाली आसनाचा दाब सतत जाणवत राहील इतक्या सावकाश न्यायचे. दुसरा धोका याच सवयीच्या पोटातला. स्टिक हलवली की आधी रोटर कलतो आणि खाली लटकलेले शरीर किंचित उशिराने मागे येते. नवखा वैमानिक त्या उशिराला फसतो, आणखी स्टिक हलवतो, मग जास्त झाले म्हणून उलटी हलवतो, आणि प्रत्येक फेरीला नाकाचे वरखाली होणे वाढत जाते. वेग जितका जास्त तितके हे लवकर हाताबाहेर जाते. त्यावरही उपाय तोच : थ्रॉटल कमी, हात स्थिर.

जमिनीवरचे अपघात संख्येने पुष्कळ असतात, पण त्यांत बहुधा यंत्राचाच चुराडा होतो. टेक-ऑफची रीत तुला पहिल्याच आठवड्यात दाखवतील. धावपट्टीवर उभे राहून इंजिनाच्या तात्पुरत्या जोडणीने रोटर मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांपर्यंत फिरवून घ्यायचा, जोडणी सोडायची, स्टिक पूर्ण मागे ओढून धरायची, आणि थ्रॉटल हळूहळू द्यायचा. जसजसा वारा तबकडीत शिरतो तसतसा फेऱ्यांचा काटा चढतो, पुढचे चाक उचलते, मग स्टिक थोडी पुढे सोडून मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत धावायचे, आणि यंत्र आपण होऊन जमीन सोडते. ज्याला घाई असते तो काटा चढण्याआधीच थ्रॉटल उघडतो. पुढे जाण्याचा वेग वाढतो, रोटर मात्र मंदच असतो, मागे येणारे पाते स्टॉल होते आणि दोन्ही पाती फडफडून त्यांची हालचाल रोखणाऱ्या खालच्या थांब्यांवर आपटू लागतात. ते धक्के स्टिकमधून हातात येतात. पहिला धक्का जाणवला की थ्रॉटल बंद, स्टिक मागेच, आणि त्या दिवशी रोटरची तपासणी झाल्याशिवाय पुन्हा उड्डाण नाही. उतरतानाची काळजी म्हणजे यंत्र बाजूला सरकत असताना चाके टेकू द्यायची नाहीत. उंच रोटरमुळे ते सहज कलंडते. टेकल्यावरही रोटर बराच वेळ फिरत असतो, तो थांबेपर्यंत उड्डाण संपले असे समजू नकोस.

‘ऑटोजायरो स्टॉल होत नाही’ या वाक्याने अनेकांचा घात केला आहे. वाक्य खरे आहे, पण वेग एका मर्यादेखाली गेला की त्याच उंचीवर टिकून राहायला अधिकाधिक ताकद लागते, आणि मग पूर्ण थ्रॉटल देऊनही यंत्र खालीच येत राहते. वैमानिक घाबरून स्टिक मागे ओढतो, त्याने वेग आणखी उतरतो. सुटका एकच, नाक खाली करून वेग मिळवणे, आणि त्यासाठी खाली मोकळी उंची हवी. हजार फुटांवर हा एक धडा असतो. झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर, ओळखीच्या माणसांना हात दाखवत संथपणे जाताना, तोच अपघात ठरतो. वेग शून्य करून उभे खाली येता येते हेही खरे, परंतु तो खाली येण्याचा वेग चाके आणि पाठीचा कणा सोसू शकतील असा नसतो, म्हणून जमिनीच्या पुरेसे वर असतानाच पुढचा वेग परत घ्यावा लागतो.

इंजिन बंद पडण्याची भीती तुझ्या बाबांना सर्वांत जास्त आहे. त्यांना मी समजावले की खाली मोकळे शेत असेल तर या यंत्राला फार थोडी जागा पुरते. रोटरच्या मस्तकावरील मधला बोल्ट, ज्यावर दोन्ही पाती डोलतात, त्याची भीती मला इंजिनापेक्षा अधिक वाटते, कारण त्याला पर्याय नाही. रोज उड्डाणापूर्वी शिडी घेऊन वर चढ, त्या बोल्टची सुरक्षा पिन डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपून पाहा, पाते हाताने वरखाली करून कुठे खटका लागतो का ते बघ, आणि पात्यांच्या मुळाशी बोल्टांच्या भोकांजवळ केसासारखी रेषही दिसली तर ती रंगाची आहे असे स्वतःला पटवू नकोस. क्लबातले दुसरे कुणी पाहून गेले असले तरी तू पाहायचेच.

आता माझी एक विनंती. एकटीने उडण्यापूर्वी तुझ्या शिक्षकांना सांगून, भरपूर उंचीवर, मंद वेगाची ती अवस्था त्यांच्यासोबत पुरेपूर अनुभवून घे : पूर्ण थ्रॉटलवर यंत्र खाली जाताना उंचीचा काटा कसा वागतो, आणि नाक खाली केल्यापासून ते सावरेपर्यंत किती फूट जातात. तो आकडा मला कळव. तुझ्या यंत्राच्या पुस्तिकेतले वजनाचे व तोलाचे पान आणि पात्यांचे आजवर झालेले तास हेही पाठव, म्हणजे मी इथे बसून ते वाचीन आणि काही शंका आली तर लगेच लिहीन. बाबा तुझ्या फोनची वाट पाहत आहेत. रविवारी त्यांच्याशी बोल.

तुझी,
आई