‘ओठ बघा त्याचे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पोलीस एखाद्याला बडवत अटक करतात आणि लोक मोबाइल धरून उभे राहतात, हा भेकडपणा आहे; चार जणांनी पुढे होऊन त्याला सोडवलं पाहिजे,’ अशा आशयाचं पत्र आपल्याकडे वाचलं. लिहिणाऱ्याचा संताप मला कळतो. पण मी एकतीस वर्षं वर्दीत काढली आणि सोडवायला धावून येणाऱ्या त्या चार जणांच्या समोर उभा राहिलेलो आहे. म्हणून तिकडची बाजू सांगतो.

एकदा साध्या कपड्यांत आम्ही तिघं एका माणसाला उचलायला गेलो. आम्ही बखोट धरताच त्याने बोंब ठोकली, ‘वाचवा, पळवून नेतायत!’ एक कॉलेजातला पोरगा धावत आला आणि त्याने माझ्या जोडीदाराचा हात पिरगाळला. हेतू शंभर टक्के चांगला. पण जोडीदाराची पकड सुटली तसा आरोपीचा उजवा हात मोकळा झाला, आणि त्याच्या कमरेला चाकू आहे हे त्या पोराला कुठून ठाऊक असणार? पोराच्या तळहाताला नऊ टाके पडले. (चूक आमचीही होती. ओळखपत्र आधी दाखवायला हवं होतं, ते खिशातच राहिलं.) झटापटीत पोलीस चेहरे बघत नाही, हात बघतो. मागून कुणाचा हात कमरपट्ट्याला लागला तर तो पिस्तुलासाठीच आलाय असं धरून चालावं लागतं. त्या क्षणी तुम्ही सज्जन आहात की आरोपीचे साथीदार, हे कळायला मार्ग नसतो.

माझी सून वकील आहे. तिला ते पत्र दाखवलं तर तिने थेट १७०९ सालचा खटला काढला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात एका कॉन्स्टेबलने अधिकार नसताना एका बाईला धरलं. तीन सैनिक मध्ये पडले आणि मारामारीत कॉन्स्टेबलच्या मदतनिसाचा जीव गेला. बारा न्यायाधीश बसले. सात जण म्हणाले, बेकायदा अटक बघून कुणाचंही रक्त उसळणारच, तेव्हा हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. पाच जणांना ते पटलं नाही. मी विचारलं, ‘म्हणजे सोडवायचा हक्क होता त्यांना?’ ती म्हणाली, ‘हक्क कसला बाबा, गुन्हा एक पायरी खाली आला, एवढंच.’ आणि मेला कोण, तर मदतनीस. अटक कायदेशीर होती की नव्हती ते पुढे कोर्टात ठरतं. रस्त्यावर हात घालणाऱ्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच दिवशी लागतो.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, शेवटी पोलीस तो पोलीसच. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जड जातं.

एका धिप्पाड माणसाला आम्ही पालथा पाडला होता. बेड्या पडल्या होत्या. तरी तो पाय झाडत होता, म्हणून मी गुडघा त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध रोवला. तो आणखी झाडायला लागला. मी आणखी दाबलं. तो म्हणाला, ‘साहेब, श्वास...’ मी म्हटलं, ‘बोलतोयस ना, मग चाललाय श्वास.’ हे वाक्य मला शिकवलं कुणी नाही. वरिष्ठांच्या तोंडी ऐकून ऐकून जिभेवर बसलेलं. ते साफ चुकीचं आहे. दोन शब्द बोलायला छातीत उरलेली चिमूटभर हवा पुरते. जगायला छाती फुलावी लागते, पोटाला हलायला जागा लागते, आणि पालथ्या माणसावर वजन टाकलं की दोन्ही अडतं. तो हवेसाठी धडपडत होता आणि मी त्याला विरोध समजून अजून जोर लावत होतो.

भोवती गर्दी. ‘सोडा त्याला’, शिव्या, शिट्ट्या, सगळं चालू होतं, असं जोडीदार नंतर म्हणाला. मला काही ऐकू आलं नाही. मला धाप लागली होती, कानांत फक्त माझाच श्वास वाजत होता. मग एका बाईंचा आवाज आला. त्या जवळ आल्या नव्हत्या, चार-पाच पावलांवरच थांबल्या होत्या. घरात पोराला जेवायला हाक मारावी तशा सुरात म्हणाल्या, ‘अहो हवालदार, ओठ बघा त्याचे. निळे पडलेत. कुशीवर करा त्याला.’

मी बघितलं. तो मघापासून शांत झाला होता आणि मी समजत होतो की आता वठणीवर आला. कुशीवर वळवला. थोडा वेळ काहीच नाही. मग खोकला आला त्याला.

त्या ‘सोडा’ म्हणाल्या असत्या तर माझी इज्जत आडवी आली असती. त्यांनी मला जे दाखवलं ते मला दिसण्यासारखं होतं, आणि जे करायला सांगितलं ते त्याला न सोडताही करता येण्यासारखं. माणूसही वाचला, अटकही राहिली.

पण हा हमखास उपाय आहे असं मी म्हणणार नाही. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनिआपोलिसला अटक केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर डेरेक शॉविन हा पोलीस ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा ठेवून होता. बघणाऱ्यांनी सगळं नीट केलं होतं. नाडी बघा म्हणून सांगितलं. ड्यूटीवर नसलेली एक अग्निशमन कर्मचारी मदत करू द्या म्हणत राहिली, तिला मागे हटवलं. १७ वर्षांच्या एका मुलीने अंतर राखून चित्रीकरण केलं. कुणी हात घातला नाही. आणि माणूस गेला. त्या लोकांच्या जागी मी असतो तर नियम पाळून उभा राहिलो असतो का, याचं उत्तर मला देता येत नाही.

मला टोचते ती दुसरी गोष्ट. फ्लॉइडचे पाय धरलेला नवखा पोलीस मध्येच विचारत होता, याला कुशीवर करायचं का? शॉविन नको म्हणाला आणि तो गप्प बसला. आणखी एक पोलीस गर्दीकडे तोंड करून तिला थोपवत होता. सहकारी जादा बळ वापरत असेल तर त्याला रोखायचं, असा नियम त्या पोलीस दलात आधीपासून होता. शॉविनला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०२२ मध्ये तिथे हजर असलेले बाकी तिघं पोलीसही दोषी ठरले. बघ्यांनी काय करावं यावर एवढी पत्रं येतात. पण शॉविनचा हात धरायला आडकाठी नव्हती ती त्या तिघांनाच. माझ्या वेळी जोडीदार माझ्या शेजारीच होता. त्यालाही ओठ दिसत होते. तो मला ज्युनिअर होता.

मोबाइल धरून उभं राहण्याला पत्रलेखक भेकडपणा म्हणतात. मिनिआपोलिसच्या पोलिसांनी पहिलं जे निवेदन काढलं त्यात ‘वैद्यकीय घटना’ असा शब्द होता, गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. त्या मुलीचं चित्रीकरण नसतं तर तेवढंच कागदावर राहिलं असतं.

हे मी ठामपणे सांगतो, कारण कागद कसा लिहितात ते मला माहीत आहे. त्या दिवशी ठाण्यावर परतल्यावर नोंद मीच लिहिली. ‘आरोपीने विरोध केल्याने किरकोळ बळाचा वापर करून ताब्यात घेतले.’ त्या बाईंना शोधायला मी मागे वळलो तेव्हा त्या निघून गेल्या होत्या, आणि नोंदीत त्यांच्यासाठी एक शब्दही खर्च केला नाही.

आपला,
एक निवृत्त पोलीस हवालदार
(नाव आपल्याकडे आहे, छापू नये, ही विनंती.)