स्पार्कचा कोर्स निवडताना आधी आवृत्ती पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

करिअरच्या पुरवणीत बिग डेटाच्या अभ्यासक्रमांची माहिती येते, ती मी आवर्जून वाचते. कोर्स किती तासांचा, प्रमाणपत्र मिळतं का, शिकवणाऱ्याचा अनुभव किती, हे सगळं तिथे असतं. अपाचे स्पार्क म्हणजे प्रचंड डेटावर अनेक मशीन मिळून काम करायला लावणारं सॉफ्टवेअर. त्याच्या कुठल्या आवृत्तीवर तो कोर्स शिकवलाय, हे मात्र नसतं. मी डेटा इंजिनीअर आहे आणि टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यांचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो याच एका कारणाने, म्हणून हे पत्र.

स्पार्कची सुरुवात 2009 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. 1.0 आवृत्ती 2014 ची, 2.0 ही 2016 ची, 3.0 ही 2020 ची आणि 4.0 आली 2025 मध्ये. या प्रवासात स्पार्क वापरायची रीतच बदलली. सुरुवातीचे धडे आरडीडीपासून, म्हणजे मशीनमध्ये विभागलेल्या डेटाच्या मूळ रचनेपासून सुरू व्हायचे. आज रोजचं काम डेटाफ्रेम (ओळी-कॉलमचं टेबल) आणि एसक्यूएलवर (टेबलांतून माहिती काढायची भाषा) चालतं. सतत येणारा डेटा हाताळायची जुनी पद्धत, म्हणजे डीस्ट्रीम्स, तर प्रकल्पानेच जुने ठरवले आहेत आणि स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग वापरा असं सांगितलं आहे. तरी डीस्ट्रीम्स घोकून आलेली मुलं मला अजून भेटतात.

आमच्याकडची एक मुलगी परवा अगदी रडकुंडीला आली होती. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं की ग्रुपबाय केल्यावर (म्हणजे ओळींचे गट पाडल्यावर) शफलच्या, म्हणजे डेटाच्या फेरवाटणीच्या, पुढच्या टप्प्यात 200 टास्क (कामाचे तुकडे) दिसतील, कारण शफल पार्टिशनचा, म्हणजे फेरवाटणीनंतरच्या डेटाच्या तुकड्यांचा, डिफॉल्ट आकडा 200 आहे. तिच्या स्क्रीनवर स्पार्क यूआयमध्ये (काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या पानावर) त्या टप्प्यात एकच टास्क. आपलं इन्स्टॉलेशनच बिघडलं असं समजून तिने सगळं काढून पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. बिघडलं काहीच नव्हतं. 3.2 पासून अ‍ॅडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्यूशन (क्वेरी चालू असतानाच तिचा प्लॅन सुधारणं) आपोआप सुरू असतं, आणि डेटा थोडा असेल तर ते छोटी छोटी पार्टिशन एकत्र करून टाकतं. पुस्तक चांगलंच होतं, फक्त त्याआधी लिहिलेलं होतं.

4.0 मध्ये असाच एक बदल झालाय. समजा वयाच्या कॉलममध्ये एखाद्या ओळीत ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं आहे. तो कॉलम कास्ट करून पूर्णांकात बदलला की पूर्वी त्या जागी मुकाट्याने नल, म्हणजे रिकामी किंमत, यायचा. आता एएनएसआय मोड (एसक्यूएलच्या प्रमाणित, कडक नियमांनी चालणं) मुळातच सुरू असल्याने जॉब एरर देऊन थांबतो. मला हा बदल मनापासून आवडला, चुकीचा डेटा लगेच उघडा पडतो. पण जुना व्हिडिओ पाहून तंतोतंत तोच कोड लिहिणाऱ्या नवख्या मुलाला हे कोण सांगणार? स्पार्क ज्यावर चालतं त्या जावाचंही तेच. जुने धडे जावा 8 टाकायला सांगतात, 4.0 ला किमान 17 लागतं. पहिल्याच दिवशी गाडी अडते.

आवृत्ती जुळली की मी एकच गोष्ट पाहते: शिकवणारा एक्सप्लेन चालवून क्वेरीचा प्लॅन उघडून दाखवतो का? त्या प्लॅनमध्ये ‘एक्स्चेंज’ दिसलं की तिथे शफल आहे, म्हणजे डेटा एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाणार. स्पार्कमधला खर्च बहुतेक वेळा तिथेच असतो. एखाद्याच कीच्या (ज्या किमतीवरून गट पाडतात तिच्या) ओळी बेसुमार असल्या तर बाकी सगळे टास्क संपतात आणि एकच तासभर चालत राहतो, हे यूआयमध्ये डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्क्यू म्हणजे काय ते समजत नाही. बऱ्याच कोर्समध्ये सरावाच्या फाइली इतक्या स्वच्छ आणि इतक्या लहान असतात, की काही अडतच नाही. मग कलेक्ट केल्यावर (सगळा निकाल एका जागी मागवल्यावर) सगळा डेटा ड्रायव्हरच्या, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या, मेमरीत येतो आणि जॉब कोसळतो, हे शिकायला प्रत्यक्ष नोकरीचा दिवस उजाडावा लागतो. ज्या कोर्समध्ये एखादा जॉब मुद्दाम पाडून दाखवला असेल, तो मी डोळे झाकून सुचवते.

आधी हाडूप (बिग डेटाची आणखी एक, जुनी प्रणाली) शिकावं लागतं, तीन-चार मशीनचा क्लस्टर लागतो, असंही मुलांना सांगितलं जातं. सुरुवातीला यातलं काहीच लागत नाही. स्पार्क एका लॅपटॉपवर लोकल मोडमध्ये चालतं. पायथन येत असेल तर पायस्पार्क (पायथनमधून स्पार्क वापरायची सोय) घ्यावं, त्यासाठी स्काला ही वेगळी भाषा शिकत बसू नये. एसक्यूएल मात्र आधी पक्कं हवं. जॉइन (दोन टेबलं जोडणं) आणि ग्रुपबाय कागदावर सोडवता येत नसतील, तर महागातला महाग कोर्सही उपयोगाचा नाही.

आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन! ते फुकट आहे, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं आहे, आणि त्यात मायग्रेशन गाइड आहे. कुठल्या आवृत्तीत काय बदललं, ते तिथे ओळीने दिलेलं असतं. जुनं पण चांगलं पुस्तक हाती असेल तर ते टाकून देऊ नये, हे गाइड शेजारी उघडून वाचावं. शफल, लेझी इव्हॅल्युएशन (निकाल मागेपर्यंत काम सुरूच न करणं), पार्टिशन या मूळ कल्पना त्या पुस्तकांत फार छान समजावलेल्या असतात आणि त्या आजही तशाच लागू आहेत.

आपल्याला एवढीच विनंती, की यापुढे अभ्यासक्रमांची माहिती छापताना तासांच्या शेजारी स्पार्कची आवृत्ती आणि साहित्य शेवटचं कधी सुधारलं ते वर्षही द्यावं. कोर्स चालवणाऱ्यांकडून ही माहिती मागवायला एक ओळीचा ईमेल पुरेल.

आपली नम्र,
एक वाचक (डेटा इंजिनीअर)