धाकटीने सेटवर काम करावे का?

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या धाकटीने पदवीनंतर चित्रपट-मालिकांच्या निर्मितीत प्रॉडक्शन असिस्टंट, म्हणजे पीए, म्हणून शिरायचे ठरवले आहे, हे वाचून मला आनंद झाला. तुझी काळजी मात्र ओळीओळीतून जाणवली. ज्या कामाला ना परीक्षा आहे ना ठरलेली पात्रता, त्यात माणूस शिरतो कसा आणि पुढे त्याचे होते काय, असे तू विचारले आहेस. मी इथे याच पायरीपासून सुरुवात केली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

‘चहापाणी पाहणारा पोऱ्या’ ही तुझी समजूत निम्मी खरी आहे. चहा नेऊन द्यावा लागतो, कागदांच्या प्रती काढाव्या लागतात, प्रसंगी कचराही उचलावा लागतो. परंतु सेटवरच्या वेळेचा कारभार ज्याच्या हाती असतो तो फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर कॅमेऱ्यापासून फारसा हलू शकत नाही, म्हणून त्याची नजर पोहोचत नाही अशा प्रत्येक ठिकाणी एकेक पीए उभा केलेला असतो. नट मेकअपच्या गाडीतून निघाला की त्याची खबर वॉकी-टॉकीवर द्यायची, कॅमेरा सुरू होण्यापूर्वी वाटा अडवायच्या आणि ‘कट’ ऐकू येताच त्या मोकळ्या करायच्या, दिवस संपल्यावर कोण किती वाजता सुटले याची नोंद गोळा करायची, अशी ही कामे असतात. त्यांतले वाट अडवण्याचे काम मला सर्वांत अवघड वाटते. रस्त्यावरच्या माणसाला रोखण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार पीएला नसतो, त्यामुळे घाईत असलेल्या आणि आधीच चिडलेल्या पादचाऱ्याला केवळ गोड बोलून मिनिटभर थोपवून धरावे लागते. ते जमले नाही तर शंभर माणसांनी उभा केलेला शॉट वाया जातो.

सुरुवातीला तिने एकच कागद नीट वाचायला शिकावे, तो म्हणजे कॉलशीट. सेकंड असिस्टंट डायरेक्टर तो आदल्या दिवशी तयार करतो आणि वरून मंजुरी मिळाली की संध्याकाळी तो सर्वांकडे जातो. कोणत्या विभागाने किती वाजता यायचे, कोणती दृश्ये कोणत्या क्रमाने घ्यायची, गाड्या कुठे लावायच्या, सूर्य कधी मावळणार, सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे सगळे त्यात असते. दृश्याची लांबी पटकथेच्या पानाच्या आठव्या भागांत मोजतात, म्हणून एखाद्या दृश्यापुढे २ ३/८ असा आकडा दिसला की ते सव्वादोन पानांहून थोडे मोठे आहे असे समजायचे. नवखी मुले आपली वेळ आणि पत्ता पाहून कागद खिशात घालतात. जाणता पीए मात्र त्या दिवशी लहान मुलाचे काम आहे का, म्हणजे त्याच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे का, जेवणानंतर ठिकाण बदलणार आहे का, पावसाचा अंदाज आहे का, हे पाहून ठेवतो आणि त्याला विचारण्याआधीच त्याचे उत्तर तयार असते. वॉकी-टॉकीबद्दल एवढेच सांगतो की आधी ऐकावे, मग बटण दाबावे, आणि लांबलचक बोलायचे असेल तर दुसऱ्या चॅनेलवर जावे.

आता शिरकावाविषयी. या कामाच्या जाहिराती निघतात, पण बरीचशी कामे तोंडी शिफारशीनेच मिळतात आणि त्यामागे वशिल्यापेक्षा घाई हे कारण मोठे असते. निर्मितीचे कार्यालय उघडले की प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरला थोड्या दिवसांत पुष्कळ माणसे उभी करायची असतात. तो पूर्वी बरोबर काम केलेल्यांना फोन करतो, आणि ते मोकळे नसतील तर ‘तुमच्या ओळखीत दुसरे कोण आहे?’ असे त्यांनाच विचारतो. धाकटीचे नाव त्या दुसऱ्या उत्तरात आले पाहिजे, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांचे लघुपट, जाहिराती, एका दिवसाची बदली कामे, जे मिळेल ते करून पाहावे. बायोडेटा एका पानाचा असावा: नाव, फोन, येणाऱ्या भाषा, गाडी चालवण्याचा परवाना, केलेली कामे आणि त्यांतली भूमिका. ‘माझे ध्येय’ हा परिच्छेद तिने निर्दयपणे काढून टाकावा, कारण कोऑर्डिनेटरला तिच्या ध्येयापेक्षा ती उद्या पहाटे वेळेवर येईल का, याची जास्त चिंता असते. विद्यार्थ्यांच्या लघुपटात विनामोबदला काम करायला माझी हरकत नाही; ज्या कामातून कोणी नफा कमावणार आहे तिथे मात्र मोबदला मागितलाच पाहिजे. आणि काम देण्यासाठी जो उलट तिच्याकडूनच नोंदणीचे पैसे मागेल, त्याच्या दारात तिने पाऊल ठेवू नये.

तुझ्या काळजीतला खरा भाग कामाच्या तासांचा आहे, तो मी लपवत नाही. बारा तासांचा दिवस ही इथली सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि पीए सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या शेवटी जात असल्यामुळे त्याचा दिवस त्याहूनही लांबतो. अमेरिकेत १९९७ साली ब्रेंट हर्शमन हा कॅमेरा सहायक एकोणीस तासांच्या कामानंतर घरी परतताना गाडी चालवता चालवता झोपी गेला आणि अपघातात मरण पावला. त्यानंतर हॅस्केल वेक्सलर या ज्येष्ठ छायालेखकाने कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांवर बंधन घालावे म्हणून अनेक वर्षे मोहीम चालवली. २०१४ मध्ये जॉर्जिया राज्यात रेल्वे कंपनीची परवानगी नसताना पुलावर चित्रीकरण सुरू असताना आगगाडी आली आणि सारा जोन्स ही तरुण कॅमेरा सहायक त्यात मरण पावली. दिग्दर्शकाने पुढच्या वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला. म्हणून धाकटीला दोन गोष्टी माझ्या नावाने बजावून सांग. डोळे मिटत असतील तर गाडी चालवायची नाही, निर्मितीच्या कार्यालयाकडे खोली किंवा वाहन मागायचे, आणि ते मागण्यात संकोच करायचा नाही. जागा धोक्याची वाटली तर ती नवखी असली तरी फर्स्ट असिस्टंट डायरेक्टरकडे तसे बोलायचे, कारण सेटवरची सुरक्षितता ही त्याची जबाबदारी असते.

पुढच्या वाटेविषयी थोडक्यात लिहितो. सेटवर राहिली तर इथल्या पद्धतीत आधी ‘की पीए’ म्हणजे पीएंमधला मुख्य, मग सहायक दिग्दर्शनाच्या पायऱ्या, असा क्रम लागतो. पण ही वाट बहुधा प्रॉडक्शन मॅनेजरकडे जाते, दिग्दर्शकाच्या खुर्चीकडे क्वचितच. कार्यालयात राहिली तर कोऑर्डिनेटर आणि पुढे लाइन प्रोड्यूसर, म्हणजे निर्मितीचा रोजचा खर्च आणि कारभार पाहणारा, होता येते. काही जण वर्षभर सगळे विभाग पाहून कॅमेरा किंवा कलादिग्दर्शनाकडे वळतात, आणि पीएच्या नोकरीचा मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा हाच आहे. दोन कामांच्या मध्ये रिकामे आठवडे येतात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे तिच्या खर्चाला तुझा आधार लागेल, हे वहिनींनाही आधीच सांगून ठेव.

तिला कार्यालय हवे की सेट, हे तिने मला स्वतः लिहून कळवावे आणि सोबत बायोडेटाचे ते एक पान पाठवावे. मी त्यावर खुणा करून परत पाठवतो, आणि मग कोणाला दाखवायचे ते पाहू.

सौ. वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
धाकटा भाऊ