चौकटीतला प्राणी बाद का?

महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्टीत झालेल्या एका बालचित्र स्पर्धेला 'माझा काल्पनिक प्राणी' असा विषय होता. माझ्याकडे शिकणाऱ्या सहावीतल्या मुलीचे चित्र परीक्षकांनी बाजूला ठेवले. म्हणाले, हे कॉम्प्युटरवरचे दिसते. चित्र चौकटीच्या वहीत एकेक घर रंगवून केलेले होते. पण ते संगणकावर केलेले असते तरी बाद व्हायला नको होते, असे माझे ठाम मत आहे.

तिचा प्राणी अंगाने शेकरू आणि चोचीने धनेश. जागा १६ बाय १६ घरांची. शेकरूची ती झुबकेदार शेपटी ऐटीत काढली की पायांना जागा उरत नाही. चोच दोन घरांची केली तर चिमणी वाटते, पाच घरांची केली तर प्राणी तोंडावर पडेलसा दिसतो. पाठीची कमान १, २, ४, पुन्हा २, १ अशी घरे चढत-उतरत गेली तरच वळते. एक घर इकडचे तिकडे झाले की पाठीवर टेंगूळ. डोळा म्हणजे एक काळे घर. त्याच्या वरच्या कोपऱ्याला एक पांढरे घर सोडले आणि प्राणी चक्क आपल्याकडे पाहू लागला! खोडरबर हातात घेऊन या मुलीने हे सगळे पारखले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात आकारांची विभागणी आणि मोजक्या रंगांची संगतीच आपण तपासतो ना? मग इथे वेगळा न्याय का?

पिक्सेल (संगणकाच्या पडद्यावरचा एक ठिपका) आर्ट म्हणतात ती कला हीच. सुझन केअर या अमेरिकी चित्रकर्तीने ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी ३२ बाय ३२, म्हणजे १०२४ घरांत चिन्हे काढली. सुरुवातीची तर कागदी चौकटींच्या वहीतच. १९८३ साली त्यांनी केलेल्या कैरो या चित्रटंकात (अक्षरांच्या जागी चित्रे असलेल्या फॉन्टमध्ये) एक ठिपकेदार जनावर होते, धड कुत्रा नाही, धड गाय नाही. पुढे कागद उभा की आडवा छापायचा, हे दाखवायला तेच जनावर पडद्यावर आले. ॲपलमधल्याच लोकांनी त्याला क्लॅरस नाव दिले, 'मूफ' असा आवाजही दिला. इतक्या थोड्या घरांत त्याला स्वभाव मिळाला, हे चित्रकाराचे काम आहे, यंत्राचे नाही.

आणि कल्पनेतल्या जनावरांचे आपल्याला वावडे कधी होते? किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरलेला शरभ आहे. पुण्याच्या सोमवार पेठेत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे.

मुलाने स्वतः काढले की आयते मिळवले, ही शंका मात्र रास्त आहे. चार शब्द टाइप केले की चित्र करून देणारी साधने आता घरोघरी आहेत. त्यावर उपाय म्हणजे कच्चे आराखडे सोबत मागवावेत आणि मुलाला दोन प्रश्न विचारावेत. शेपटी इथेच का वळवली, हे ज्याने काढले तो लगेच सांगतो. आयोजकांनी हे नियमावलीतच लिहावे.

आपल्या बालपुरवणीतही १६ बाय १६चा कोरा तक्ता छापावा, ही विनंती. रंगपेटी नसली तरी चालेल, पेन्सिलीच्या तीन छटा पुरतात.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, नारायण पेठ, पुणे